वाघूरची दरी आणि अजिंठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजिंठ्याला जाऊन आलेल्या माणसाला लेण्यांखालून वाहणाऱ्या नदीचं नाव विचारून बघा. बहुतेक जण गप्प बसतात. पद्मपाणीचं चित्र आठवतं, पायऱ्या आठवतात, दुखलेले गुडघे आठवतात, नदी आठवत नाही. खालचे प्रश्न पाहुण्यांनी, मित्रांनी आणि त्यांच्या मुलांनी वर्षानुवर्षं विचारलेले आहेत. उत्तरं देताना मी नदीची बाजू घेतली आहे, हे आधीच कबूल करतो.

ही दरी नेमकी कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सोयगाव तालुक्यात, फर्दापूरपासून चार किलोमीटर आत. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उत्तरेकडचा उतार इथे एकदम कोसळतो आणि खाली खानदेश सुरू होतो. वाघूर याच डोंगरात उगम पावते, कड्यावरून उड्या घेत दरीत येते, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक मोठं वळण घेते आणि मग पहूरवरून पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. जळगावकरांच्या नळाला येणारं पाणी वाघूर धरणाचं असतं. ती हीच वाघूर.

ही डोंगररांग पाणलोटाची सीमा आहे. उत्तर उतारावरचा पाऊस तापीतून अरबी समुद्राला मिळतो. दक्षिण उतारावरचा पूर्णेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. घाट चढताना लहान मुलांना हे सांगून बघा. गाडीतला गोंधळ पाचेक मिनिटं तरी थांबतो.

आम्ही लेणी बघायला येतोय. नदी कशाला बघायची?

कारण लेणी नदीसाठी इथे आहेत. उलट नाही.

वाघूरने काळ्या पाषाणाचा डोंगर चिरत वळण घेतलं, तेव्हा बाहेरच्या बाजूला सुमारे ७५ मीटर उंचीचा उभा कडा तयार झाला. हा दगड म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला, थरावर थर साचलेला बेसाल्ट. लेणं खोदणाऱ्याला हवा असतो तसा उभा, जाड, एकसंध दगड नदीने आयता कापून ठेवला होता. शिवाय खाली पाणी, भोवती जंगल, आणि पैठणकडून उज्जैनकडे जाणारी व्यापारी वाट जवळच. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने फिरस्ती थांबवून एका ठिकाणी राहावं, असा बौद्ध संघाचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी गावाच्या गोंगाटापासून लांब पण भिक्षेला जाता येईल इतकी जवळ, अशी जागा लागते.

आज आपण सगळ्या लेण्यांसमोरून जाणाऱ्या फरसबंद वाटेने फिरतो. ती वाट अलीकडची आहे. पूर्वी लेण्यांना नदीवरून वर येणारे स्वतःचे दगडी जिने होते. लेणं क्रमांक १६ च्या खाली ते अजून नीट कळतं: दाराच्या दोन बाजूंना दोन दगडी हत्ती, तिथून आत गेलेला जिना, आणि वळणावर बसलेला नागराज. बहुतेक लोक वरच्या वाटेने लेण्यात शिरतात आणि हत्ती बघायचे राहून जातात. थोडं खाली उतरा आणि पाण्याकडे पाठ करून वर बघा. हे लेणं कुठून बघायचं ठरलं होतं, ते कळेल.

याच लेण्याच्या शिलालेखात या डोंगराचं वर्णन आहे: पाण्याने भरलेले ढग ज्यावर लोंबतात आणि जिथे नागराज राहतात, असा श्रेष्ठ पर्वत. लिहिणाऱ्याने दरी पावसाळ्यात पाहिली होती, याबद्दल मला शंका नाही.

मग पावसाळ्यात यावं का?

हो, दरी बघायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. डोंगर हिरवा असतो, कड्यावरून पाणी पडत असतं, नदीचा आवाज लेण्याच्या आतपर्यंत येतो. पायवाटा निसरड्या होतात, ढगाळ दिवशी लेण्यांत आणखी अंधार वाटतो, आणि जोराचा पाऊस झाला तर नदीकडच्या वाटा बंद होऊ शकतात.

चित्रं निवांत बघायची असतील तर डिसेंबर-जानेवारी बरा. मात्र नाताळच्या सुट्टीत आणि शाळांच्या सहलींच्या दिवसांत लेणं क्रमांक १ मध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये दगड तापतो, नदीत डबकी उरतात आणि जंगल उघडं पडतं. या उघड्या जंगलाचा इतिहासाशी एक संबंध आहे, तो पुढे येईल.

सातकुंड म्हणजे काय?

वाघूर वरून खाली येताना एकामागून एक सात टप्प्यांत पडते, त्या टप्प्यांतले डोह म्हणजे सातकुंड. लेण्यांच्या वाटेच्या शेवटाकडे, नदीच्या वरच्या अंगाला बघितलं की शेवटचा धबधबा दिसतो. पावसाळ्यात कुंडांजवळ जायचा हट्ट करू नये. कातळ शेवाळलेला असतो आणि वरच्या पठारावर पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं.

लेण्यांचे क्रमांक काळाप्रमाणे दिलेत का?

नाही. प्रवेशाकडून आत जाताना जशी लागतात तसे दिलेत. सगळ्यात जुनं लेणं आहे क्रमांक १०, इसवीसनापूर्वी दुसऱ्या ते पहिल्या शतकातलं. त्याच्या आसपासची ९, १२, १३ आणि १५ अ हीसुद्धा जुन्या टप्प्यातली. सुरुवात वळणाच्या मध्यावर झाली आणि लेणी दोन्ही हातांना पसरत गेली. म्हणजे पहिल्यांदा आलेल्यांनी सगळ्यात चांगली जागा घेतली.

मग सुमारे पाचशे वर्षांची शांतता, आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात दुसरा मोठा टप्पा. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्यभर अजिंठ्याचा ध्यास घेतला आणि मांडलं, की हा सगळा दुसरा टप्पा जेमतेम वीस वर्षांत, साधारण इ. स. ४६० ते ४८० मध्ये उरकला. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण अर्धवट सोडलेली इतकी लेणी बघितली की काम कुठेतरी एकाएकी थांबलं, एवढं नक्की वाटतं.

एकूण लेणी ३०. त्यातली ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहं, म्हणजे प्रार्थनेची. बाकी विहार, म्हणजे राहण्याची.

ही राजाने खोदवून घेतली का?

आपल्याला सगळं राजाच्या नावावर टाकायची सवय आहे. क्रमांक १६ खोदवलं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने. क्रमांक १७ एका स्थानिक मांडलिक राजाने. क्रमांक २६ च्या शिलालेखात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचं नाव आहे. आणि क्रमांक १० तर एकट्याचं नाहीच. तिथल्या सगळ्यात जुन्या लेखात दर्शनी भाग कुणी दिला त्याची नोंद आहे, म्हणजे एकाच लेण्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या माणसांच्या दानातून झाले. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर आणि फरशीवर नाव कोरतात, त्याचीच ही खापरपणजी.

इतकं खोदलं कसं?

वरून खाली. छत आधी, जमीन शेवटी. त्यामुळे परांची बांधायचा प्रश्नच आला नाही. क्रमांक २४ अर्धवट आहे, तिथे ही पद्धत उघडी दिसते: खांब अजून दगडातून सुटायचे आहेत, आत ठोकळे तसेच उभे आहेत. वाटाडे तिथे थांबत नाहीत, कारण दाखवायला ‘काही नाही’. मला मात्र पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा तिथे जास्त कळलं.

क्रमांक ४ हा इथला सगळ्यात मोठा विहार, आणि तोही पुरा झाला नाही. दगडात दोष निघाला, छताचा काही भाग कोसळला, मग छत आणखी उंच कापावं लागलं. नदीने कापून दिलेल्या दगडातही फसगत होतीच.

चित्रं ‘फ्रेस्को’ आहेत ना?

सगळे तसं म्हणतात, पण नाहीत. फ्रेस्कोत गिलावा ओला असताना रंग देतात. इथे माती, भुसा, वनस्पतींचे तंतू असा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा हे रंग मातीतून आणि दगडांतून मिळणारे. निळा मात्र राजावर्त, म्हणजे लाजवर्द दगडाचा, आणि तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. सोयगावच्या रानात, पाचव्या शतकात.

वेळ कमी आहे. कुठली लेणी बघू?

१, २, १०, १६, १७, १९, २६. सतराला जास्त वेळ द्या. विश्वंतराची गोष्ट तिथे आहे, ज्या राजपुत्राने दान देता देता शेवटी पोटची मुलंही देऊन टाकली. सिंहलाची लांबलचक साहसकथा आहे. क्रमांक १ मध्ये पद्मपाणीसाठी झुंबड असते, ती साहजिक आहे. सव्वीसमध्ये डाव्या भिंतीवर पहुडलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे, सात मीटरच्या आसपास लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने उतरलेले देव. पायांपासून चालत डोक्यापर्यंत जा, तेव्हा त्याची लांबी समजते.

आणि आठ? ते सगळ्यात खालच्या पातळीवरचं. त्यात बरीच वर्षं विजेची यंत्रसामग्री ठेवली होती.

लेणी १८१९ मध्ये ‘सापडली’ म्हणतात. ती हरवली होती का?

इंग्रजांसाठी हरवली होती. लेण्यांच्या वरच्या पठारावर जे गाव आहे, त्याचं नाव लेणापूर. आता सांगा.

घडलं ते असं. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातला एक अधिकारी वाघाच्या शिकारीला या डोंगरात आला होता. दरीच्या पलीकडून त्याला झाडीतून क्रमांक १० ची मोठी कमान दिसली. एका गुराखी पोराने वाट दाखवली, असं सांगतात. एप्रिलमध्ये इथली पानगळीची झाडं उघडी असतात, म्हणून कमान दिसली असणार, असा माझा अंदाज. श्रावणात आला असता तर कदाचित समोरून निघून गेला असता.

आत शिरल्यावर त्याने एका खांबावर, जुन्या चित्रावरच, आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरली. ती सही आज माणसाच्या हाताला लागत नाही, डोक्याच्या वर आहे. तेव्हा लेण्यात माती आणि दगड साचले होते आणि स्मिथ त्या ढिगाऱ्यावर उभा होता. ‘भिंतींवर नावं कोरू नका’ असा फलक वाचून आत जाणाऱ्यांनी तो खांब जरूर शोधावा.

त्याच्याही कितीतरी आधी, सातव्या शतकात, ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका मोठ्या विहाराचं वर्णन केलं आहे, बाहेर दोन दगडी हत्ती असलेल्या. ते अजिंठ्याचंच, असं अभ्यासक मानतात.

व्ह्यू पॉइंट कुठे आहे?

नदीच्या पलीकडे, वळणाच्या समोर. लेणापूरच्या बाजूने वरून गाडीने जाता येतं, किंवा लेण्यांखालचा पूल ओलांडून पायवाटेने चढून जाता येतं. दम लागतो. पण सगळं वळण, सगळ्या लेण्यांची रांग आणि खालची नदी एका नजरेत फक्त तिथूनच दिसते. जमलं तर आधी वरून बघा आणि मग खाली उतरा. उलट केलं तर संध्याकाळी चढायचं राहून जातं, अनुभवाने सांगतो.

पलीकडच्या काठावर काही आहे का?

आहे, आणि तिकडे फारसं कुणी जात नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात लेण्यांसमोरच्या काठावर विटांच्या विहाराचे अवशेष मिळाले. त्यात पाचव्या शतकातल्या बायझंटाइन सम्राट थिओडोसियसचं सोन्याचं नाणं निघालं. म्हणजे दरीत फक्त कोरलेली वस्ती नव्हती, बांधलेलीही होती, आणि नदी दोन्हींच्या मधून वाहत होती.

अजिंठा गाव आणि लेणी एकच का?

नाही, आणि यात रोज कुणीतरी फसतं. गाव घाटमाथ्यावर आहे, लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटरवर. संभाजीनगरकडून येताना आधी गाव लागतं, मग घाट उतरून फर्दापूर. गावाला अठराव्या शतकातली, पहिल्या निजामाच्या काळातली तटबंदी आहे. फर्दापूरला मुघलकालीन सराई आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि डोंगराखालचा खानदेश इंग्रजांकडे. अजून बोलण्यात तो फरक जाणवतो. वर मराठवाडी, खाली अहिराणी कानावर पडायला लागते.

पारूची कबर खरंच आहे का?

आहे, अजिंठा गावात.

रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला इथे आला. घाटमाथ्यावरच्या बारादरीत राहायचा, दरीत उतरून काम करायचा. पारू इथलीच, त्याची सोबतीण. ती १८५६ मध्ये गेली. त्याने तिच्या कबरीवर आपल्या लाडक्या पारूच्या स्मरणार्थ म्हणून इंग्रजी अक्षरं कोरून घेतली. तिच्याबद्दल पुढे कविता झाल्या, चित्रपट झाला, आणि दर वेळी ती जास्त सुंदर आणि जास्त रानटी होत गेली. दगडावर मात्र नाव आणि तारीख एवढंच आहे. मला तेवढंच पुरतं.

गिलने वर्षानुवर्षं खपून केलेली मोठी चित्रं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरमध्ये तिथे आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडून सगळी जळाली. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयात आग लागून त्यातल्याही बऱ्याच गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मूळ चित्रं इतकी काळपट का?

वटवाघळं, धूर, ओल, माणसांचे हात आणि चांगल्या हेतूने केलेले उपचार. नकलाकारांनी चित्रं उजळ दिसावीत म्हणून वार्निश लावलं. निजाम सरकारने १९२० च्या सुमाराला इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसवला, हे मोठंच काम झालं, पण त्यांनी लावलेलं लाखेचं लुकण पुढे पिवळट-काळं पडलं. नंतर पुरातत्त्व खात्याने ते हळूहळू काढत आणलं आहे. म्हणून फ्लॅश मारू नका. आता कॅमेऱ्याचा नव्हे तर मोबाइलचा त्रास आहे, रक्षक हाका मारून थकतात.

असईची लढाई इथलीच का?

इथली नाही, पण जवळची. असई भोकरदन तालुक्यात, डोंगराच्या दक्षिणेला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेला तिथे हरवलं, स्वतःचीही भरपूर माणसं गमावून. त्याचे जखमी सैनिक नंतर अजिंठा गावात ठेवले होते. तेव्हा लेणी दहा-अकरा किलोमीटरवर होती आणि त्यांच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

अजून एक दिवस हाताशी आहे. आसपास काय बघू?

जंजाळा गावाजवळचं घटोत्कच लेणं. नाव भीमाच्या मुलाचं, लेणं बौद्ध. आणि त्यातला शिलालेख कुणाचा? त्याच वराहदेवाच्या घराण्याचा, क्रमांक १६ वाल्या. वाट चालायची आहे, माणसं जवळजवळ नसतात. शेजारी जंजाळ्याचा किल्ला. सोयगावच्या बाजूला वेताळवाडीचा किल्ला, त्याचं दार आणि तटबंदी अजून भरभक्कम आहे. किल्ल्यांवर जाताना गावातलाच माणूस सोबत घ्या.

दरीत वाघ आहे का?

नदीच्या नावात आहे. शिकाऱ्यांनी बाकी ठेवला नाही.

वानरं भरपूर. हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका. साग, पळस, सालई, सीताफळं असं रान आहे. मोर ओरडतात. खरी काळजी घ्यायची ती आग्या मोहोळांची. कड्याला आणि लेण्यांच्या कमानींना ती लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड-डोकं झाकून लांब व्हा. गंमत म्हणून दगड मारणारा एखादा सोबत असेल तर त्याला आधीच गाडीत बसवून ठेवा.

आई-वडिलांना पायऱ्या झेपतील का?

सुरुवातीचा चढ खडा आहे, नंतर वाट बरीचशी सपाट. डोलीवाले असतात. दर आधी ठरवा आणि ठरवल्यावर शेवटी घासाघीस करू नका, चार माणसं खांद्यावर ओझं घेऊन चढतात. काही लेण्यांत चपला काढाव्या लागतात, म्हणून सहज निघतील अशाच घाला.

कसं यायचं, आणि सुट्टी कधी?

जळगाव स्टेशन साधारण ६० किलोमीटर, संभाजीनगर साधारण १०० किलोमीटर. स्वतःची गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच ठेवायची, तिथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत एसटीच्या बस सुटतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे दोन वार उलटसुलट करून फाट्यावरून परत गेलेली मंडळी मी पाहिली आहेत.

अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात होईल का?

होतं. पण मग दोन्ही झालेली नसतात.

नदीचं पाणी पिता येईल का?

भिक्षू प्यायचे. तुम्ही बाटली घेऊन या, आणि रिकामी झाली की परत गाडीत टाका. खाली पहूर आहे, धरण आहे, जळगाव आहे.